शेजारच्या सीटवरचा नकार

पुराच्या दिवसांत आमच्या शाळेच्या मैदानावर सुटकेचं हेलिकॉप्टर उतरायचं. मदतीच्या सामानाचं बघायला मी तिथेच असायची. त्या सकाळी ते पुन्हा निघायच्या तयारीत होतं. काचेतून दोन्ही वैमानिक दिसत होते. एक जण तपासणीची यादी वाचून दाखवत होता, दुसरा त्या त्या बटणाला बोट लावून उत्तर देत होता. मग दुसऱ्याने घाटावरच्या ढगाकडे हात केला आणि नकारार्थी मान हलवली. पहिला हातवारे करत बोलत राहिला. शेवटी वरचा पंखा थांबला.

"दोघं असून घाबरले की हो!" पाण्याचे खोके उचलणारा एक जण म्हणाला.

माझा धाकटा भाऊ शिरीष पेशंट नेणारं असंच हेलिकॉप्टर एकट्याने चालवायचा. उड्डाणाआधी प्रश्नही तोच विचारायचा, उत्तरंही तोच द्यायचा. मी कुरकुरले की हसायचा. "ताई, दुसरा वैमानिक घेतला तर एक पेशंट मागे राहतो. कोणाला ठेवू, तू सांग." मला असा नेटका हिशेब पटतो, तोही पटला होता. एका संध्याकाळी तो असल्याच ढगात शिरला आणि परत आला नाही. शेजारी कोणी असतं तर तो मागे फिरला असता का, कोण जाणे. पण "नको रे" म्हणायला तिथे कोणी नव्हतं, एवढं खरं.

दोघे वैमानिक खाली उतरले. मी चहा नेऊन दिला तरी त्यांची हुज्जत चालूच होती.

"सर, पाच मिनिटांत पार झालो असतो."

"आणि नसतो झालो तर?"

मला त्या हुज्जतीचा हेवा वाटला.