यमुनाचा रिपोर्ट

महायुद्धाच्या काळात मी वाशिमबाहेरच्या लष्करी सप्लाय डेपोत हवालदार होतो. तंबू, पेट्रोलचे पिंप, चार लॉऱ्या आणि एक टेलिफोन. टेलिफोनवर महिला दलातली यमुना असे. ती आमच्या रिठदची सून, माझ्या धाकट्या चुलतभावाची विधवा. म्हणजे मी तिचा भासरा. आमच्याकडे सून भासऱ्याकडे पाहून बोलत नाही. काही सांगायचेच असले तर दाराआडून, भिंतीला सांगावे तसे सांगते.

डेपोत ती खाकीत असे. ट्रेनिंगप्रमाणे ताठ उभी राहून, नजरेला नजर देऊन रिपोर्ट द्यायची. एकदा लॉरीवरचा लान्स नाईक जानराव सगळ्यांसमोर म्हणाला, "हवालदार साहेब, भावसून तर तुमालेच ऑर्डर देऊन राह्यली." सगळे हसले. मी तिला स्टोअरमागे बोलावले. आपल्याला गावात तोंड दाखवायचे आहे, असे सुनावले.

"माह्यासमोर मान खाली ठेवत जा, यमुना."

तिने ठेवली. कप्तान साहेबांशी ती पूर्वीसारखीच बोले. माझ्यासमोर मात्र बाजूला वळून, जमिनीकडे पाहून, दबक्या आवाजात. मला ते बरे वाटले. हेही लिहून ठेवतो.

पावसाळ्यात नदी चढली. कारंज्याच्या वाटेवरच्या पुलाच्या चौकीत आमचा फील्ड टेलिफोन होता. एका दुपारी कप्तान साहेब अकोल्याला गेले होते आणि डेपो माझ्याकडे होता. जानराव आणि शिपाई महादू लॉरी घेऊन कारंज्याला निघाले होते. इंजिन सुरू होते. ते माझ्या इशाऱ्याची वाट पाहत होते.

यमुना तंबूच्या दाराशी आली. खांबाकडे तोंड करून म्हणाली, "पुलाचा मधला खांब खचला म्हणते चौकीवाला. गाडी थांबवा लागते, साहेब."

"म्हणते म्हंजे? पक्कं हाय का?"

"तसंच सांगतलं त्यानं."

नजर खालीच होती. मला वाटले, तिचीच खात्री नाही. हाच निरोप एखाद्या शिपायाने सॅल्यूट ठोकून दिला असता, तर मी लॉरीकडे धावलो असतो.

"पुन्हा लाव फोन. विचारून ये."

ती गेली. जानरावने माझ्याकडे पाहिले. तिची वाट न पाहता मी जाण्याचा हात केला. लॉरी निघाली.

लाइन तुटली होती. ती धावत परत आली, तेव्हा तिने थेट माझ्या तोंडाकडे पाहिले. "गाडी कायले सोडली?" मी मोटारसायकल घेऊन निघालो. पुलाचा मधला भाग नव्हता. पाण्यात लॉरीचे मागचे चाक तेवढे दिसत होते.

चौकशीत मी सांगितले, रिपोर्ट अस्पष्ट होता. यमुना अधिकाऱ्यांच्या डोळ्यांत पाहून, खणखणीत आवाजात बोलली. एका साहेबाने मला विचारले, ही नेहमी अशीच बोलते का? मी म्हणालो, नाही, सर. मग तिचे तेच ताठ बोलणे उद्धटपणाचे ठरले. तिला कामावरून काढले. मान खाली ठेवायला मी सांगितले होते, हे तिने शेवटपर्यंत सांगितले नाही. मीही नाही.

रिपोर्ट स्पष्ट होता. वेळेवर आला होता.

लान्स नाईक जानराव आसेगावचा. शिपाई महादू कामरगावचा. दोघांच्या घरी मीच गेलो होतो. जानरावच्या आईने विचारले, "कोनी सांगतलं नाही का रे त्याले?" मी म्हणालो, सांगायला कोणाला माहीतच नव्हते, माय.