उन्हात वाळवलेले चार सेल

किसनभाऊ सोनकांबळेला बसलेलं मी कधी पाहिलं नाही. चहा उभ्याने, भाकरी उभ्याने, आणि एसटीत सीट रिकामी असली तरी हा दांड्याला धरून दाराशी. लातूरला गंजगोलाईजवळ त्याचं बॅटऱ्या चार्ज करायचं दुकान होतं. दुकानात एकच स्टूल, ते गिऱ्हाइकासाठी. गिऱ्हाईक बसलं की किसनभाऊ त्याच्याभोवती फेऱ्या घालत बोलायचा. दहा मिनिटांनी उठताना आपणच मैलभर चालून आलोय असं वाटे.

मी नांदेडहून बदलून आलेला कारकून. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. कचेरीत टेबलं आली होती, खुर्च्या यायच्या होत्या आणि पाऊस कुठेच आला नव्हता. खुर्ची नसलेल्या कारकुनाने करायचं काय, म्हणून मी किसनभाऊच्या बेंजो पार्टीत शिरलो. गफूरभाईंचा विजेचा बेंजो, एक ढोलकी, आणि हैदराबादहून आणलेली करंटची पेटी. तिच्यातून बासरी, घंटी आणि हेलिकॉप्टर असे आवाज निघत. हे सगळं एका ट्रकच्या बॅटरीवर चालायचं. मला पेटी येते असं मी सांगितलं होतं; खरं म्हणजे शाळेतल्या प्रार्थनेपलीकडे माझी मजल नव्हती. पहिल्या दिवशी किसनभाऊने माझ्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि म्हणाला, "सायब, तुमचं बोट सही करून राहिलंय, वाजवून न्हाई राहिलं." तरी ठेवून घेतलं, कारण त्या बटणांवरची इंग्रजी अक्षरं दुसऱ्या कुणाला वाचता येत नव्हती.

त्याची माय मुखेडला राहायची. त्या उन्हाळ्यात ती सकाळपासून टँकरच्या रांगेत उभी असे. तिला भेटायला गेलेला किसनभाऊ रांगेच्या कडेने येरझारा घालता घालता गाणं घेऊन परतला: "जिल्हा झाला गं माय, घागर कोरडी हाय." गाणं अगदी संथ होतं. दोन ओळींच्या मधे तो थांबायचा आणि तेवढ्यात गफूरभाई एकच तार छेडायचे. ते म्हणत, इथे रांगेतली बाई एक पाऊल पुढे सरकते.

या गाण्याची कॅसेट काढायचं ठरलं. सुट्टीच्या दिवशी एका शाळेची खोली मिळवली. वीज नव्हती, त्यामुळे टेपरेकॉर्डर सेलवर. माझ्याकडे पेटीशिवाय दोन कामं होती. एक, चार नवे सेल आणणं. दुसरं, गाताना किसनभाऊचा सदरा मागून धरून ठेवणं, नाहीतर तो माइक सोडून व्हरांड्यात चालू लागे.

नवे सेल मी आणले होते, हे मी आजही शपथेवर सांगेन. पण त्याच दिवशी क्रिकेटचा सामना होता आणि माझा ट्रान्झिस्टर मुका पडला होता. तेव्हा नवे सेल ट्रान्झिस्टरमध्ये गेले आणि टेपरेकॉर्डरमध्ये मी जुने घातले. ते दोन दिवस पत्र्यावर उन्हात ठेवले होते. त्या काळी संपलेले सेल घरोघरी पापडासारखे वाळवत, मग ते थोडे जिवंत होत. लाल दिवा लागला, मी निश्चिंत झालो. डाव्या हातात किसनभाऊचा सदरा, उजवं बोट पेटीवर, आणि डोक्यात धावसंख्या, अशा थाटात गाणं पार पडलं. लगेच त्याच मशीनवर ऐकलं. बरोबर वाटलं. मरगळलेल्या सेलांनी रीळ हळू फिरवत भरलं होतं आणि तितकंच हळू फिरवत ऐकवलं, मग चूक कळणार कशी?

चूक निघाली नांदेडला. तिथल्या दुकानदाराने भरपूर करंटवर कॅसेटच्या प्रती काढल्या आणि गाणं धावत सुटलं. किसनभाऊचा घोगरा आवाज पंधरा वर्षांच्या पोराचा झाला, बेंजो घुंगरासारखा वाजू लागला. दुकानदाराने किसनभाऊला कधी ऐकलंच नव्हतं. त्याला ते फर्मास वाटलं. लोकांनाही. महिन्याभरात रेणापूरपासून हिमायतनगरपर्यंत हॉटेलात, जीपमध्ये, वरातीत तेच गाणं. कोरड्या घागरीवर लोक बेभान नाचत होते.

किसनभाऊने ते प्रथम ऐकलं दुकानासमोरच्या हॉटेलात. चहा अर्धा टाकून तो थेट कचेरीत माझ्या टेबलाशी आला. "सायब, कोन तरी पोरगं माझं गानं म्हणून राहिलंय. म्हणतंय लई झकास, पन चोर हाय."

मला त्याच क्षणी पत्र्यावरचे सेल दिसले. मी म्हणालो, मशीनमध्ये तसं होतं, त्याला इफेक्ट म्हणतात. इंग्रजी शब्दाने मला कचेरीत अनेकदा वाचवलं होतं, तेव्हाही वाचवलं.

मग गावोगावहून बोलावणी येऊ लागली, आणि प्रत्येक गावाला कॅसेटवाला आवाजच हवा होता. किसनभाऊ त्या आवाजामागे धावू लागला. सकाळी मिठाच्या गुळण्या, दिवसभर दुकानात फेऱ्या घालत वरच्या पट्टीत आलाप. दोन महिन्यांत घसा सोलून निघाला. मी सेलाचं एक वाक्य बोललो असतो तर तो थांबला असता. मी फायली लावत बसलो.

मुखेडात मायने ते गाणं एका वरातीत ऐकलं होतं. ती त्याला म्हणाली, "गानं तुझं हाय रं, पन म्हणनारा तू न्हाईस." हे मला सांगताना किसनभाऊ पहिल्यांदाच फेरी न घालता उभा होता. "लोकाचं जाऊ द्या," तो म्हणाला. "मायला मी वळखू येईना."

पुढचाच कार्यक्रम मुखेडला, बाजाराच्या दिवशी दुपारी. माय बायकांत पुढे बसलेली. किसनभाऊने कॅसेटच्या चालीने सुरुवात केली आणि तिसऱ्या ओळीला आवाज फाटला. पोरं ओरडू लागली, ह्याला उतरवा, खरा गायक आणा. एकाने तर कॅसेट हवेत नाचवून दाखवली. किसनभाऊने मायकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

मी माइक हातात घेतला. धैर्य वगैरे काही नव्हतं. पेटीमागे लपायला जागा उरली नव्हती इतकंच. क्रिकेट, ट्रान्झिस्टर, पत्रा, ऊन, सगळं सांगून टाकलं. मुखेडचा बाजार पोट धरून हसला. गफूरभाईसुद्धा हसले. किसनभाऊ तेवढा हसला नाही. त्याने माझ्या हातून माइक काढून घेतला.

"सेल सायबाचे व्हते," तो म्हणाला. "गानं माझं हाय."

आणि त्या फाटक्या गळ्याने त्याने ते मूळ चालीत म्हटलं. अर्धी पोरं बाजारात पांगली. बायका हलल्या नाहीत. गाणं संपल्यावर माय शेजारणीला म्हणाली, "आता किसन म्हणून राहिला."

परतीच्या एसटीत तो दाराशी उभा होता. मुखेड मागे पडल्यावर, माझ्याकडे न बघता म्हणाला, उद्यापासून पेटीवर दुसरा माणूस बघतो. मी विचारलं, मग मी काय करू?

"ऐका," तो म्हणाला. "सदरा धरून व्हता, पेटी वाजवून राहिला व्हता. गानं कुटं ऐकलं तुमी?"

पुढच्या आठवड्यात त्यांचा कार्यक्रम रेणापूरला होता. रजा टाकून गेलो. पुढे सतरंजीवर जागा होती, पण मी मागे बायकांच्या कडेला जमिनीवर बसलो. शेजारच्या म्हातारीने माझी इस्त्रीची पँट न्याहाळली आणि विचारलं, तुम्ही पार्टीतले का?

नाही म्हटलं, ऐकायला आलोय.