लिंबाखाली बसलेला कोयता

आमच्या बीड जिल्ह्यात कुणावर खुनाचा खटला भरला की घरच्यांना एकच बचाव सुचतो: 'आमचा माणूस तिथं नव्हताच.' मग तिथं नव्हता तर कुठं होता, यावर पारावर बैठक बसते आणि आख्खं गाव मिळून त्याला कुठंतरी नेऊन ठेवतं.

पाटोद्याकडच्या एका ऊसतोड्याची केस माझ्याकडं आली, तेव्हा त्याच्या चुलत्यानं त्याला लिंबागणेशला नेऊन ठेवलं होतं.

"संकष्टी व्हती ताई. गणपतीला गेलता त्यो. पायजे तेवढी माणसं सांगतेल. नारळवाल्यालाबी बोलून ठिवलंय."

"अहो काका, त्याच्या हाताला कुऱ्हाड लागलेली आहे. ती काय आरती करताना लागली?"

"मग तुमी वकील कशाला झालात?" चुलता फुगूनच बसला.

माझं डोकं आधीच लवकर तापतं, त्यात असा अशील म्हणजे बघायलाच नको. भांडण बांधाचं होतं. शेजारी कुऱ्हाड घेऊन धावला, यानं बांधावर पडलेलं बाभळीचं दांडकं उचललं आणि एक हाणलं. घाव वर्मी बसला. दवाखान्यात नेईपर्यंत शेजारी गेला. जीव वाचवायला हाणलं, हाच खरा बचाव होता आणि कायद्यात तो चालतोही. पण त्यासाठी आधी छातीवर हात ठेवून म्हणावं लागतं, 'होय, मीच मारलं.' लिंबागणेशला बसून कुणाला बांधावर जीव वाचवता येत नाही. हे चुलत्याच्या गळी उतरवता उतरवता माझा घसा बसला.

"म्हंजी कबूलबी आपुनच व्हायचं? मग वकील कशाला लावायचा?"

मी सरळ हात जोडले. म्हटलं, काका, देवाला साक्षीला ओढू नका, एवढं तरी ऐका. केस हरलो तर पोराला जन्मठेप होती. त्याची बायको कडेवर पोर घेऊन प्रत्येक तारखेला यायची आणि माझ्या तोंडाकडं बघत राहायची. तिच्याकडं बघितलं की माझा सगळा तोरा उतरायचा.

त्यात कागदांत एक वाक्य असं होतं की माझी झोप उडाली. पलीकडच्या शेतातून सगळं बघणारा एक मुकादम होता, ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा. त्याच्या जबाबात लिहिलं होतं, 'आरोपी घरून कोयता घेऊन आला.' संपलंच की मग! घरून हत्यार घेऊन भांडायला येणाऱ्याला कुठलं कोर्ट म्हणेल, बिचाऱ्यानं जीव वाचवला?

तुरुंगात भेटायला गेले ती तणतणतच गेले. जाळीपलीकडं तो उभा राहिला तोच विचारलं, "कोयता कशाला नेलास रे शेतात?"

तो गोंधळला. "मग एकटाच जाऊ का ताई? तीच म्हणली, भाकरी बांधल्यात, म्याबी येते."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. मग अशी हसत सुटले की पहारेकरी डोकावून गेला. ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला कोयता म्हणतात. जोडी म्हणजे एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा. मुकादम टोळी मोजतो तीच कोयत्यांवर. हा गडी शेतात बायकोला घेऊन गेला होता, आणि चुलत्याच्या लिंबागणेशापायी हे मला कुणी सांगितलंच नव्हतं! जबाब लिहिणारे जमादार बाहेरच्या जिल्ह्यातले. त्यांनी मुकादमाचं बोलणं शुद्ध मराठीत उतरवलं, त्यात बायको गळाली आणि हत्यार आलं.

माझे सीनियर म्हणाले, कोर्टाला सरळ समजावून सांगू. मी म्हटलं, अजिबात नाही. आपण सांगितलं तर वकिलाची चलाखी वाटेल. मुकादमालाच बोलू द्या. "आणि तो कोर्टात शुद्ध बोलायला लागला तर?" सीनियरांनी विचारलं. ती धाकधूक मलाही होतीच.

मुकादम आला तो इस्त्रीचा पांढराशुभ्र शर्ट घालून. म्हटलं, आता हा शुद्धच बोलणार. सरकारी वकिलांनी विचारलं, आरोपी कोयता घेऊन आला होता का? "आलता," मुकादम म्हणाला. सरकारी वकील खुशीत खाली बसले. मी उठले.

"मुकादम, नीट आठवा. कोयता होताच?"

"व्हता की. कोयत्याबिगर त्यो कुठं जातच न्हाई."

सरकारी वकिलांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मीच माझ्या पायावर धोंडा पाडून घेतला.

"कोयत्याच्या डोक्यावर काय होतं?"

"भाकरीचं गठुडं."

जजसाहेबांचा पेन थांबला. साहेब कोकणातले, नुकतेच बदलून आलेले. त्यांच्याकडं कोयत्यानं नारळ फोडतात. "कोयत्याच्या डोक्यावर?"

"व्हय साहेब. अन् कडंवर ल्येकरू."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. साहेबांनी चष्मा काढला. "आता कुठे आहे हा कोयता?"

"भायेर हाय साहेब, लिंबाखाली बसलाय. बलावू का?"

मग मात्र सगळं कोर्ट हसलं. मी शब्दाचा अर्थ सांगितला, मुकादमानं मान डोलावली. "आधी कुऱ्हाड कुणी उगारली?" मी विचारलं. "मेल्यालाच आली व्हती खुमखुमी. तिच्यावर धावला त्यो, कोयत्यावर." हे पोलिसांना का नाही सांगितलं? "इचारलंच न्हाई कुणी. काय घेऊन आलता म्हणले, म्या म्हणलं, कोयता."

पुढं बचावाच्या साक्षीसाठी आम्ही बायकोला बोलावलं. पट्टेवाला इथलाच. तोवर त्याच्या तोंडात तोच शब्द बसलेला. त्यानं दारात जाऊन खच्चून हाक दिली, "कोयता हाजिर हो!" तशी दुसऱ्याच कुठल्या केसच्या तारखेला आलेली ऊसतोडीची दोन-तीन जोडपी धडपडत उठून उभी राहिली. साहेबांनी तोंडावर रुमाल धरला.

ती मात्र हसली नाही. तिनं सरळ सांगितलं, कुऱ्हाड तिच्यावर आली, नवऱ्यानं मधे हात घातला, मग हाणलं. सरकारी वकील म्हणाले, नवऱ्याला वाचवायला खोटं बोलतेस. "त्येंनी मला वाचीवलं. आता म्या खरं बोलून त्येंला वाचीवते. खोटं कशाला लागतंय?" अगं बाई, माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं.

नवऱ्याची पाळी आली तेव्हा त्यानंही एका दमात सांगितलं, "व्हय साहेब, म्याच हाणलं. न्हाई हाणलं तर ही जाती."

निकालाच्या दिवशी साहेबांनी 'निर्दोष' म्हटलं आणि चुलत्यानं कोर्टाच्या आवारात पेढे वाटले. सरकारी वकिलांनासुद्धा बळंच एक दिला. मला म्हणाला, "म्या म्हणलंच व्हतं, खरं बोला." घ्या! मी कोपरापासून हात जोडले.

सुटलेला गडी पायरीवर बसून राहिला होता. पेढा हातातच.

"खा की बे," चुलता म्हणाला.

त्यानं मान हलवली. "सुटलो खरं ताई. पण त्यो तर गेलाच की. माझ्या लग्नात लई नाचलता."

  त्याची बायको पोराला सावरत पुढं आली. तिनं त्याच्या हातातला पेढा घेतला आणि त्याच्याच तोंडापुढं धरला.

"जित्ते हाव म्हणून रडाया येतंय. आधी खावा."

त्यानं तोंड उघडलं. रडत रडतच खाल्ला.