तिळ्या-गुळ्याचं मखर

उल्हासराव टिपणिसांचा हात चांगला आहे, हे दिल्लीतल्या अख्ख्या लक्ष्मीबाई नगरला ठाऊक होतं. नोकरी केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात. काम काय, तर या टेबलावरची फाईल त्या टेबलावर सरकवायची. पण श्रावण सरत आला की या माणसाचे हात शिवशिवायला लागायचे. कॉलनीच्या गणपतीचं मखर टिपणिसांनीच करायचं, हा जणू सरकारी हुकूमच होता. कधी राजवाडा, कधी कैलास, कधी पिसारा फुलवलेला मोर. साहित्य तेच: पुठ्ठा, थर्माकोल, सोनेरी बेगड आणि कुमुदिनीबाईंनी शिजवलेली कणकेची खळ. शेजारच्या विजयालक्ष्मीबाई मूळच्या मदुराईच्या, पण आरतीला येताना आधी मखर डोळे भरून बघायच्या आणि मग हात जोडायच्या. गणपती गेले की मखर माळ्यावर जायचं, आणि पुढच्या वर्षी उल्हासराव नव्याने डोकं खाजवायला मोकळे.

मग निवृत्ती आली, सरकारी क्वार्टर सुटलं आणि दोघं नवरा-बायको गुडगावला मुलाच्या फ्लॅटमध्ये राहायला गेले. मुलगा पुष्कर एका परदेशी कंपनीत. सुनेचं नाव पूर्वी, ती दुसऱ्या परदेशी कंपनीत. घर तिसऱ्या मजल्यावर, नवंकोरं. बाल्कनीतून एकीकडे मोहरीची पिवळी शेतं दिसायची आणि दुसरीकडे त्याच शेतांत उगवलेल्या काचेच्या इमारती. वीज गेली की खाली जनरेटर धडधडायचा आणि लिफ्ट शहाण्यासारखी पुन्हा चालू व्हायची.

कुमुदिनीबाईंनी महिन्याभरात बस्तान बसवलं. वरच्या पंजाबी बाईंना थालीपीठ शिकवलं, त्यांच्याकडून गाजराचा हलवा उकळला. उल्हासराव मात्र बाल्कनीतल्या वेताच्या खुर्चीत अडकून पडले. घरात कुणी त्यांना वाईट वागवत नव्हतं, उलट जरा जास्तच चांगलं वागवत होतं. दिवा बदलायला स्टुलावर चढले की पूर्वी धावत यायची. ‘‘राहू द्या बाबा, इलेक्ट्रिशियनला इंटरकॉम करते.’’ नळाचा वायसर बदलायला बसले की पुष्कर म्हणायचा, ‘‘बाबा, छोडो ना, आता आराम करा.’’ पाहुण्याला घरात मान असतो, काम नसतं. उल्हासराव आपल्याच मुलाच्या घरी पाहुणे झाले होते, आणि हे बोलायचं तरी कुणाजवळ?

संक्रांतीच्या सुमारास पुष्करच्या ऑफिसातला एक जण अमेरिकेला निघाला आणि जाताना आपले दोन ससे इशिताच्या गळ्यात घालून गेला. इशिता म्हणजे पुष्करची आठ वर्षांची लेक. एक ससा पांढरा, एक तपकिरी. दिवस तीळगुळाचे, तेव्हा आजीने बारसंच करून टाकलं. तिळ्या आणि गुळ्या. पुठ्ठ्याच्या खोक्यातून आलेले हे दोन गृहस्थ संध्याकाळपर्यंत ते खोकं फस्त करून घरभर हिंडायला लागले.

पहिल्या आठवड्यात सोफ्याची झालर गेली. दुसऱ्या आठवड्यात पुष्कर टेलिफोनच्या तारेवर चालणाऱ्या नव्या इंटरनेटवरून कंपनीला काहीतरी महत्त्वाचं पाठवत होता, तेव्हा गुळ्याने टेलिफोनची वायर मधोमध कुरतडून ठेवली. पुष्कर रिसीव्हर धरून ‘हॅलो हॅलो’ करतोय आणि गुळ्या शेजारी बसून मिशा हलवतोय. त्या दिवशी पूर्वीचा संयम संपला.

‘‘पुढच्या रविवारी कृतिका येणार आहे. तिचं इथून जवळच, सोहन्याला फार्महाउस आहे, तिथे मजेत राहतील दोघं,’’ ती म्हणाली. कृतिका ही तिची ऑफिसातली मैत्रीण. ‘‘नाहीतर इथे त्यांना नीट बंदिस्त जागा हवी. बाजारातले पिंजरे बघितले मी, इतके छोटे की बघवत नाहीत.’’

इशिताने भोकाड पसरलं आणि त्या गदारोळात उल्हासराव बोलून गेले, ‘‘मी करतो जागा.’’

‘‘राहू द्या ना बाबा, कशाला त्रास...’’ पूर्वीने सुरुवात केली, पण तोवर उल्हासराव माळ्यावरची हत्यारांची पेटी काढायला गेलेसुद्धा.

‘‘मखर नका करू हं,’’ कुमुदिनीबाईंनी मागून बजावलं. ‘‘पिंजरा करा.’’

आता ज्याने जन्मभर मखरंच केली, तो दुसरं काय करणार? नव्या टीव्हीचं भलंमोठं खोकं होतं, त्याचा पुठ्ठा निघाला. लाकडी पट्ट्यांची चौकट झाली. समोर सुबक जाळी, तिच्यावर तीन कमानी, कमानींवर कंगोरे, बेगडाची नक्षी, वर कळस. दोन बाजूंना खांब. आत बारकी दिव्यांची माळ. तीन दिवस घरात खळीचा वास सुटला होता. वरच्या पंजाबी बाई येऊन ‘‘वाह जी वाह!’’ म्हणून गेल्या. पुष्करने फोटो काढला. इशिता मात्र दिल्लीत वाढलेली, तिला भीडभाड कसली. ‘‘आजोबा, ये तो मंदिर झालं! आणि याला मागे काहीच नाहीये?’’

‘‘मागे भिंत आहे की,’’ उल्हासराव म्हणाले. मखराला मागची बाजू कधी असते का? खाली तळही नव्हता. तळाला नेहमी चौरंग असायचा.

ससे आत सोडले. तिळ्याने वास घेतला आणि पहिला खांब चाटला. कणकेची खळ ती, त्याला पक्वान्नच वाटलं. रात्रीपर्यंत दोघांनी खांब पोखरले आणि मागच्या पायांवर उभं राहून कमानींना हात घातला. सकाळी गुळ्याने सगळा राजवाडा खांद्याने पुढे ढकलला आणि भिंत आणि मखर यांच्यामधल्या फटीतून ऐटीत बाहेर पडला. पूर्वी ऑफिसला जायला निघाली, तर तिची पर्स सोफ्याखाली सापडली. पट्टा गायब.

ती चिडली असती तर बरं झालं असतं. पण ती अगदी मऊ आवाजात म्हणाली, ‘‘बाबा, खरंच राहू द्या. किती दमलात तुम्ही. रविवारी कृतिका नेईल त्यांना.’’

तो मऊ आवाज उल्हासरावांना चांगलाच लागला. ससे गेले असते तर इशिता रडली असती आणि शाळेच्या गडबडीत विसरलीही असती. उल्हासरावांचं तसं नव्हतं. या घरात त्यांनी पहिल्यांदाच एक काम अंगावर घेतलं होतं. ते फसलं की ती वेताची खुर्ची कायमची त्यांच्या नावावर लागणार होती.

सगळे गेल्यावर दोन्ही ससे पकडून त्यांनी मखराच्या अवशेषांत पुन्हा ठेवले, आणि साठीला टेकलेला हा माणूस भिंतीलगत पालथा पडला. मागच्या बाजूने आपलंच काम बघायला लागला. आयुष्यात पहिल्यांदाच. मागून सगळं उघडं होतं. खिळ्यांची टोकं, पट्ट्यांच्या फटी, खळीचे ओघळ. समोरून येणाऱ्यासाठी सगळी सजावट आणि आत राहणाऱ्यासाठी काहीच नाही. गणपतीने कधी तक्रार केली नाही, कारण तो दहा दिवसांचा पाहुणा. या दोघांना इथे राहायचं होतं.

‘‘अहो, हे काय? पडलात की काय?’’ कुमुदिनीबाई घाबऱ्याघुबऱ्या आल्या.

‘‘बघतोय,’’ ते म्हणाले.

‘‘बैल गेला नि झोपा केला! आता काय बघताय?’’

‘‘अजून गेला नाही बैल. रविवारी जाणार आहे.’’

दोन दिवस ते नुसते बघत राहिले. तिळ्या शू करायला नेमका एकाच कोपऱ्यात जातो. कुकरची शिटी झाली की गुळ्या मागचा पाय धाडकन आपटतो आणि कशाखाली तरी घुसतो. टाइलवर दोघांचे पाय घसरतात. डोक्यावर छप्पर असलं की दोघं निवांत पसरतात. आणि सगळ्यात निवांत कुठे पसरतात, तर जेवणाच्या टेबलाखाली.

ते टेबल पूर्वीने हौसेने घेतलेलं, शिसवी, सहा खुर्च्यांचं. घरात जेवायचे मात्र सगळे टीव्हीसमोर, ताट मांडीवर घेऊन. टेबलावर इस्त्रीचे कपडे आणि वर्तमानपत्रं.

शनिवारी मुलं साउथ एक्सला खरेदीला गेली आणि उल्हासरावांनी टेबलाला हात घातला.

‘‘तिच्या टेबलाला?’’ कुमुदिनीबाईंनी कपाळाला हात लावला. ‘‘तुम्ही मला या वयात घराबाहेर काढणार!’’

‘‘एक खिळा ठोकणार नाही. तू फक्त पक्कड दे.’’

खरोखरच एकही खिळा ठोकला नाही. लोखंडी जाळीच्या चौकटी करून त्या टेबलाच्या पायांना कापडात गुंडाळून बांधल्या, चारही बाजूंनी. जाळीचं प्रत्येक टोक पकडीने आत वळवलं आणि त्यावर स्वतःचं बोट फिरवून बघितलं. टेबलाच्या पायांना पत्रा गुंडाळला, म्हणजे दातांना काही मिळायला नको. खाली जाड पोतं. तिळ्याच्या लाडक्या कोपऱ्यात परात, तिच्यात वर्तमानपत्र आणि समोरच्या फ्लॅटमध्ये काम करणाऱ्या सुताराकडून आणलेला भुसा. लपायला एक लाकडी पेटी, तिला दोन दारं, कारण घाबरलेल्याला एकच दार पुरत नाही. कुरतडायला पेरूची फांदी. शेजारच्या गावातून बरसीमचा हिरवा चारा. आणि इशिताला रांगत आत जाता येईल एवढं दार. बेगड कुठेच नाही. काम संपवून ते परत मागे जाऊन पालथे पडले, चारही बाजूंनी बघितलं, तेव्हा कुठे उठले.

रात्री मुलं परत आली. पूर्वीने टेबलाकडे बघितलं, ओठ घट्ट मिटले आणि आत निघून गेली. उल्हासरावांना जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी कृतिका मोठी टोपली घेऊन हजर झाली. पूर्वी तिला टेबलापाशी घेऊन आली. इशिता आधीच आत बसली होती, मांडीवर गुळ्या. तिळ्या लांबच लांब पसरला होता. पूर्वी गुडघ्यांवर बसली. मग वाकली. मग, नवा सलवार-कमीज असूनही, चक्क आडवी होऊन पलीकडच्या बाजूने बघायला लागली. जाळीच्या टोकांवरून बोट फिरवलं. टेबलाचा पाय पत्रा सरकवून तपासला, ओरखडासुद्धा नव्हता. उल्हासराव बाल्कनीच्या दारात उभे होते. शाळेत निकालाच्या दिवशी उभे राहायचे तसे.

‘‘सॉरी यार कृतिका,’’ ती उठत म्हणाली, ‘‘ये कहीं नहीं जा रहे. चाय पीके जा.’’

मग ती सासऱ्यांकडे वळली. कपाळाला आठ्या होत्या, आवाजात मऊपणा औषधालाही नव्हता. ‘‘बाबा, हे दार बाहेर उघडतं, मधे खुर्ची येते. रोज कोण खुर्ची सरकवणार? आणि पाण्याची वाटी हलकी आहे, सारखी सांडतेय, टेबलाखाली सगळा राडा होईल. उद्या करून ठेवा हं, मी ऑफिसमधून आल्यावर बघणार आहे.’’

कुमुदिनीबाईंना वाटलं, नवऱ्याला वाईट वाटलं असेल. कृतिकाला चहा देऊन त्या हळूच जवळ आल्या. ‘‘अहो, मनाला लावून घेऊ नका. तिचं बोलणंच तसं आहे.’’

‘‘लावून घेऊ नको?’’ उल्हासरावांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायचं त्यांना सुचलंही नाही. ‘‘अगं, काम सांगितलं तिनं मला.’’

आणि उद्यापर्यंत कोण थांबतो म्हणून, स्क्रू-ड्रायव्हर घेऊन ते तिथल्या तिथे टेबलाखाली शिरले.