पुलाजवळच्या सहा चाव्या आणि आमचे मालक

सगळ्यात आदी उतरली ती गॉगलवाली बाई. उतरल्या उतरल्या नाक दाबलं!

पुणतांब्याच्या स्टेशनावर. तिच्या मागं आनखी पाच जन आन् टायवाला प्रोफेसर. इंग्रजाच्या वेळची रेल्वे चालत चालत दाखवायचा म्हने. आता त्याला हेरिटेज वॉक म्हनत्यात, नातीनं सांगितलं. (मोबाईल बी तिनंच शिकवला. आता मला कोन अडवतंय!)

आज मालकांना, म्हंजी नातीच्या आज्याला, जाऊन नऊ वर्षं झाली, म्हनून लिहिते.

ही गोष्ट एकाहत्तर-बहात्तर सालची असंल. मालक रेल्वेत चावीवाले. रूळ आवळून धरनाऱ्या लोखंडी चाव्या असत्यात, त्या सैल झाल्या की हातोड्यानं ठोकायच्या. रोज मैलोन् मैल चालायचे, त्यांचा फोटो कुनी काढला न्हाई.

प्रोफेसर पुलाकडं हात करून म्हनला, "हा दगड खास विलायतेहून आणला."

विलायतेहून! मालकांच्या पणज्यानं तो शेजारच्या खानीतनं गाढवावर आनलेला.

दुपारी मालक जेवून आडवे झालते. प्रोफेसर दारात. "बाई, हातोडा द्या जरा, फोटोत धरतो."

दिला मी. टाय बघून भुलले, दुसरं काय!

घटकाभरानं हातोडा परत आला. मालक उठले, हातोड्याच्या तोंडावर ताजे ओरखडे बघितले.

"ह्यानं कुनी ठोकलंय?"

सांगितलं. लाल झेंडा घेऊन पळत सुटले. मागनं मी.

पुलाच्या अलीकडं ओळीनं सहा चाव्या गायब. आठवन म्हनून नेल्या! एकेकाला एक.

आन् ज्या पॅसेंजरनं त्यांनी घरी जायचं, ती त्याच रुळावरनं जानार हुती. शिकलेली मानसं हां ही.

मालकांनी झेंडा दाखवून गाडी थांबवली, डब्यात चढले. बाईच्या पर्समधनं पावडरच्या डबीखालनं चावी निघाली. अजून हसू येतं मला.

गार्ड धावत आला. "कुनी काढल्या रे?"

प्रोफेसर म्हनला, "यांनीच दिल्या. भेट म्हणून."

बाकी सहा जनांनी खाली माना घातल्या. थू!

मालकांनी खिडकीतनं माझ्याकडं बघितलं. म्हनले, "व्हय सायब. मीच दिल्या."

चाव्या ठोकल्या, गाडी गेली. मालकांना घरी बसवलं. नोकरी ऱ्हाती का जाती, कुनाला ठावं.

"खरं का न्हाई बोललात?"

"तुझं नाव सरकारी कागदावर येऊ देऊ व्हय, येडे? चहा टाक."

दिवाळी गेल्यावर कामावर घेतलं. तवर मी ताठ मानेनं पान्याला बी गेले न्हाई.

मालक, तुमच्या पायाशी माझा नमस्कार.

गाडी हलताना प्रोफेसर मालकांना हळूच म्हनलेला, "परत येतो. तुमच्या साहेबांना भेटून खरं काय ते सांगतो."

दसऱ्याला येनार हुता. सकाळच्या गाडीनं.