काकीच्या डोळ्यांतलं पाणी

पेणमधल्या आमच्या गल्लीच्या एका टोकाला मशीद, दुसऱ्या टोकाला गणपतीचे कारखाने आणि मधल्या खोल्यांत मूर्ती रंगवणारी बिहारी पोरं. वर्गणी मागायला याहून चांगली गल्ली नाही. इथे बहुतेक सगळे देतात. फक्त देण्याआधी घेणाऱ्याची लाज उघडी करून बघतात.

मिठागरावर ट्रकखाली पाय चिरडलेल्या एका कामगाराच्या ऑपरेशनसाठी मी पत्रक काढलं. त्याची बायको, आमची सुकट विकणारी काकी, एवढंच म्हणाली, "नाव-फोटो नको गो. रविवारी गडबहून पोरीला बघायला येतायत."

मी शब्द दिला. बिनफोटोची पत्रकं दोन दिवस वाटली. एका कारखानदारानं पत्रक चिमटीत धरलं. "बाई कुठाय रडणारी? हे पत्रक हाय का सरकारी नोटीस?" दुबईला गेलेल्या पोरांच्या ग्रुपवरही तेच : "ताई, फोटो टाक ना." किराणावाल्या चाचांनी मात्र न वाचताच पैसे काढले. "कागद काय दावतेस? मी वळखतो त्याला."

बाकीच्यांसाठी मी काकीकडे गेले. ती चूल फुंकत होती. "बँकेत फोटो लागतोय," मी सरळ खोटं बोलले. तिनं पदर नीट केला, हसलीसुद्धा. मी थांबले. धुरानं डोळे भरून आले तेव्हा फोटो काढला. खाली लिहिलं, 'या माऊलीचे अश्रू पुसाल का?' ओळ जमली म्हणून मला आनंद झाला होता.

वडखळ नाक्यापर्यंत भिंती त्या पत्रकांनी भरल्या. पैसे जमले, पाय वाचला. रविवारी गडबचे पाहुणे नाक्यावर चहाला उतरले आणि तिथूनच परत फिरले. काकीला मध्यस्थाचा फोन आला : "भिकेवर चाललेलं घर नको म्हणतात."

माझं डोकं फिरलं. पाहुण्यांचे वाभाडे काढणारं पत्रक लिहून मी काकीला वाचून दाखवलं.

"यात पन माझा फोटो टाकनार व्हय?" तिनं विचारलं. मग बादली माझ्या हातात दिली.

नाक्यावर आम्ही दोघी भिंत ओली करून कागद खरवडत होतो. चहावाल्यानं आधी फोटो बघितला, मग काकीला. पुढे येऊन त्यानं दहाची नोट धरली.

काकीनं मान वरसुद्धा केली नाही. "तिला दे," माझ्याकडे बोट करून म्हणाली, "धंदा तिचा हाय."