पळीभर तेल

आमची आत्या एका कॅन्टीनमध्ये तीस वर्षं स्वयंपाक करत होती. निवृत्त झाल्यावर हात शिवशिवायला लागले, म्हणून घरी साबण करायला लागली. साबण हाताला मऊ, वास झकास. फेसाच्या नावानं मात्र बोंब.

तिचे यजमान, म्हणजे आमचे आतोबा, कोपऱ्यावर दाढी-कटिंगचं दुकान चालवतात. त्यांच्या फेसाच्या वाटीत आपला साबण जावा, एवढाच आत्याला ध्यास. आतोबांची अट साधी होती. "गिऱ्हाइकाच्या घरच्यांची चौकशी संपेपर्यंत गालावर फेस टिकला पाहिजे. नाहीतर वस्तरा ओरखडतो आणि शिव्या मला बसतात."

प्रत्येक नव्या वडीची परीक्षा ते स्वतःच्या डाव्या गालावर घ्यायचे. "घरी सगळे बरे ना?" एवढं आरशाला विचारेपर्यंत फेस गायब!

आत्यानं काय नाही केलं? खोबरेल वाढवलं, एरंडेल घातलं, कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात साखरसुद्धा विरघळवली. वड्या सहा आठवडे फळीवर वाळवायच्या आणि पुन्हा तेच रडगाणं. शेवटी ओट्याकडे तोंड करून म्हणाली, "बास झालं. माझ्या हातालाच गुण नाही."

जिच्या हातचं जेवून चारशे माणसं खूश व्हायची, तिनं असं म्हणावं! मला फार वाईट वाटलं. आतोबांना त्याहून जास्त वाटलं असणार, कारण दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून ते स्वयंपाकघरात स्टूल टाकून बसले.

"शेवटचा एकदा कर. मी नुसता बघतो."

आत्यानं काट्यावर तेलं तोलली, सोडा तोलला, पाणी तोललं. ग्रॅमचा फरक नाही. सगळं एकत्र करून ती ढवळायला लागली. मिश्रण दाट होत आलं, तसा बोलता बोलता तिचा डावा हात तेलाच्या डब्यात गेला आणि पळी भरून वर आला.

आतोबांनी मनगट धरलं. "हे तोललं होतंस?"

"काय?" आत्या पळीकडे बघतच राहिली.

तीस वर्षं भाजी उतरवताना वरून पळीभर तेल. कुणाला कोरडं लागू नये म्हणून. तोच हात साबणातही चालत होता, आणि ते जास्तीचं तेल दरवेळी फेस गिळत होतं. खोबरेल, एरंडेल, साखर बिचारी निर्दोष.

"अगं बाई!" म्हणत आत्या एवढी हसत सुटली की पुढचं ढवळणं माझ्या गळ्यात पडलं.

सहा आठवड्यांनी परीक्षा थेट दुकानात झाली. आतोबांनी गालावर ब्रश फिरवला आणि माझ्याकडे वळून आईची चौकशी केली, बाबांच्या गुडघ्याची केली, शेजारच्या मांजरीचीही केली. फेस जागचा हलला नाही. आत्या पदरानं डोळे पुसत हसत होती.

"ते वाचलेलं पळीभर तेल गेलं कुठं?" आतोबांनी विचारलं. "तुझा हात काही रिकामा परतायचा नाही."

"तुमच्या भाजीत."

"तरीच कमरेचा पट्टा घट्ट व्हायला लागलाय!"

मग त्यांनी वाटीतला विकतचा साबण काढला, आत्याची वडी ठेवली आणि बाकावरच्या गिऱ्हाइकाला हाक मारली.

"या, बसा. घरच्यांचं सगळं सविस्तर सांगा. आज मला अजिबात घाई नाही."